आइनस्टाइन, मधमाशी आणि वाडीचा ग्रुप

गांधीजी कस्टमर सर्व्हिसवर भाषण देत होते असं कधी डोळ्यासमोर आणून बघितलंय का? पण आमच्या सिंधुदुर्गात कुठल्याही बँकेत, पतसंस्थेत नाहीतर एसटी स्टँडासमोरच्या हार्डवेअरच्या दुकानात जा, काउंटरमागे ती फ्रेम असायचीच. "ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वात महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत" वगैरे वगैरे, खाली महात्मा गांधी आणि गोल चष्मा. (फ्रेमखाली बसलेला माणूस "सर्व्हर डाउन आहे, जेवणानंतर या" म्हणतो, तो भाग वेगळा.) नेटवर तर ह्याला पत्ता पण चिकटवलेला सापडतो, दक्षिण आफ्रिकेतलं भाषण, साल १८९०. आता १८९० मध्ये गांधी लंडनला वकिली शिकत होते, आफ्रिकेत पाय ठेवला १८९३ मध्ये. मजकुराचा माग काढत गेलं तर तो पोचतो अमेरिकेत, १९४१ साली स्टुडबेकर मोटार कंपनीच्या सेल्सच्या एका साहेबाच्या नावावर जवळपास हेच सगळं छापलेलं आहे. मोटारी विकणाऱ्याचं वाक्य आणि खाली नाव चरखेवाल्याचं.

मला ह्यात सगळ्यात भारी वाटतं ते साल टाकणं. नुसतं "गांधी म्हणाले" लिहिलं तर एखादा विचारेल तरी कुठे म्हणाले, पण साल आणि गाव टाकलं की विचारणारा गप्पच. ह्यातला उस्ताद नमुना म्हणजे मेकॉले ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा. शाळेचं गॅदरिंग असो की कोणाच्या सत्काराचं भाषण, एकजण तरी ते वाचून दाखवतोच, की मी भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही, ह्यांची संस्कृती मोडल्याशिवाय हे हाती लागणार नाहीत, ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५. तारीख शंभर टक्के खरी आहे! त्या तारखेचं मेकॉलेचं शिक्षणावरचं टिपण आहेच, फक्त तो तेव्हा लंडनच्या पार्लमेंटात नव्हता, कलकत्त्यात होता, आणि त्या टिपणात भिकारी-चोर हे काहीच नाही. जे आहे ते जास्त झोंबणारं आहे, की युरोपातल्या चांगल्या लायब्ररीतली एक फळी म्हणजे हिंदुस्थान आणि अरबस्तानचं सगळं साहित्य. म्हणजे चिडायचंच असेल तर खरा माल तिथे आयता पडलाय, पण आपल्याला चिडता चिडता पाठ पण थोपटून घ्यायची असते ना, म्हणून खोटं चालतं.

बरं हे झालं इतिहासाचं, तिथे बिघडून बिघडून काय बिघडणार असं वाटतं. पण आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर दरवर्षी २० मेला, म्हणजे जागतिक मधमाशी दिनाला, आइनस्टाइन येतो. केस पिंजारलेले, शेजारी फुलावर मधमाशी, आणि "मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल". आइनस्टाइन गेला १९५५ ला, त्याच्या लिखाणात हे कुठेच नाही, आणि त्याच्या नावानिशी ह्याचा गाजावाजा झाला तो १९९४ मध्ये, ब्रुसेल्सला मधपाळांनी आंदोलन केलं तेव्हा वाटलेल्या पत्रकातून. मी एकदा हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर एका काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे आइनस्टाइनापेक्षा तुका जास्त कळता?"

आता ह्याला काय बोलणार. पण काका, आइनस्टाइन राहू दे बाजूला, आपल्या डोळ्यासमोरचं बघा ना. भाताला मधमाशी लागत नाही, भाताचं फूल स्वतःचं स्वतः उरकतं, नाचणी पण तशीच, आणि गव्हाचं पण बहुतेक तेच. म्हणजे पेज आणि भाकरी शिल्लक राहते, चार वर्षांत मरायचं काही कारण नाही. काजूला मात्र किडे लागतात, आणि हापूसच्या मोहोराजवळ पाच मिनिटं नीट उभं राहून बघितलं तर त्यावर मधमाश्यांबरोबर साध्या माश्या पण ढिगाने बसलेल्या दिसतात, तेही परागीभवनच चाललेलं असतं. आणि तुडतुडे, म्हणजे मोहोराचा रस शोषणारी कीड, दिसले म्हणून ऐन फुललेल्या मोहोरावर औषधाचा पंप मारला की तुडतुड्यांबरोबर हे सगळे कामगार पण साफ. नेमकं हेच बोलायला हवं होतं त्या ग्रुपवर, पंप कधी मारायचा, मधमाश्यांच्या पेट्या कोणी ठेवल्यात, फळधारणा कोणाकडे बरी झाली. ते राहिलं, आणि आइनस्टाइनचं वाक्य पासष्ट जणांनी हात जोडून पुढे पाठवलं, त्यातले निम्मे तरी मोहोरावर पंप मारणारे. आइनस्टाइनचा फोटो असल्यावर वाक्य खरं आहे का हे बघायची कोणाला गरजच वाटत नाही, माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

आपल्या मराठी लोकांकडे येऊ. पुलं गेले १२ जून २००० ला, पण मोबाइलच्या रिचार्जवर ते अजून विनोद करतायत. वपुंच्या नावावर तर इतकं लिखाण रोज सकाळी येतं की बिचाऱ्यांना जिवंतपणी झोपायला वेळ मिळाला असेल का असं वाटतं. आणि कोणीही चार ओळी जुळवतो आणि शेवटी "तुका म्हणे" ठोकतो. सालोमालोची गोष्ट सगळ्यांना माहितीये, तुकोबांचे अभंग घ्यायचा आणि स्वतःचं नाव घालायचा. हल्लीचे सालोमालो उलटे, स्वतःचं घेतात आणि तुकोबांचं नाव घालतात. मला तर जुना सालोमालो बरा वाटतो, त्याला निदान अभंग कुठला चांगला हे तरी कळत होतं!

जिवंत माणसाला निदान "मी नाही त्यातला" म्हणता येतं. रतन टाटांनी एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये, त्यांच्या नावावर फिरणारा अर्थव्यवस्थेवरचा मेसेज आपण बोललोही नाही आणि लिहिलाही नाही असं जाहीर सांगितलं, काही सांगायचं असेल तर मी माझ्या अधिकृत अकाउंटवर सांगेन म्हणाले. तरी तो मेसेज माझ्याकडे नंतर कितीदा आला. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ ला भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटवर आणलं, पण फोटो सेव्ह करून नव्याने टाकला की कसलं लिमिट आणि कसलं काय.

ग्रुपवर चूक दाखवली की माणूस आगाऊ ठरतो, त्यात वयाने लहान असेल तर विचारूच नका. "चांगलाच लिवलेला आसा मां, मगे नाव कोणाचाव आसांदे" हे ठरलेलं उत्तर. अहो मग नाव काढून पाठवा ना! तेही नको, कारण नावाशिवाय ते कोणी वाचणार नाही हे पाठवणाऱ्याला पक्कं माहिती असतं.

आणि असं पण नाही की आमच्याकडे पुरावा मागायची सवय नाही. डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, या एकदा. समोरच्या बुवाने गाता गाता पुराणातला दाखला जरा इकडचा तिकडे केला की दुसरा बुवा पखवाज थांबवून माइकवरच विचारतो, "बुवांनू, ह्या खंयच्या ग्रंथात लिवलेला आसा, ता जरा सांगशात?" आणि मंडपात शिट्ट्या. रात्री दोन वाजता, हजार माणसांसमोर. कोणी त्याला आगाऊ म्हणत नाही, उलट त्यासाठीच लोक जागतात. आमच्या गावचा बुवा ह्यात एकदम तयार, समोरच्याला एक ओळ सुटू देत नाही. तोच बुवा रोज सकाळी सहाला चाणक्याचे सुविचार पाठवतो, परवाच्यात चाणक्य पॉझिटिव्ह थिंकिंगवर बोलत होता.