काळ्या हॅचबॅकचं बफिंग : बॉनेट, छत, दरवाजे झाले, बंपर बाकी

गाडी सहा वर्षांची, काळी मेटॅलिक. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकली की जे होतं तेच झालेलं : टॉर्च मारला की बॉनेटभर कोळ्याचं जाळं. टॉर्च सरकवला की जाळंही सरकतं. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात. झोताला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून नक्षी गोल दिसते.

मशीन : ड्युअल ॲक्शन (पॅड स्वतःभोवती फिरतो आणि सोबत हेलकावतोही), 15 मिमी थ्रो (त्या हेलकाव्याचा व्यास), 125 मिमीची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतो ती तबकडी) आणि त्यावर 140 मिमीचा फोम पॅड. पॅड प्लेटपेक्षा मोठाच हवा, नाहीतर प्लेटची कड रंगाला लागते. रोटरी, म्हणजे नुसती गोल फिरणारी, मुद्दाम टाळली. ती लवकर कापते हे खरं, पण एकाच जागी गरम होते आणि काळ्या रंगावर होलोग्राम (उन्हात दिसणारे चमकते पट्टे) सोडते. ड्युअल ॲक्शनवर दाब जास्त झाला की पॅड फिरायचा थांबून नुसता थरथरतो. तिथे घासकाम जवळजवळ होत नाही, पण रंगही वाचतो. पॅड फिरतोय की नाही ते कळावं म्हणून बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. 21 मिमी थ्रोचं मशीन सपाट छतावर झकास चालतं, वळणावर मात्र अडतं.

रंगाच्या जाडीमापकाचं वाचन बॉनेटवर 105 ते 120 मायक्रॉन. डाव्या पुढच्या दरवाज्यावर 240, म्हणजे तो पुन्हा रंगवलेला. हे वाचन प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून असतं. क्लिअर कोट त्यात साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. बफिंगने ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट खाली येतो. गेलेला थर परत मिळत नाही, त्यामुळे कमीत कमी घासून काम भागवणं हेच खरं कौशल्य. 240 वाचून खूश होऊ नका, खाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) असू शकते. त्या दरवाज्यावर फक्त फिनिशिंग (सगळ्यात मऊ) पॅड फिरवला.

आधी धुणं, मग भरपूर ल्युब्रिकंट मारून क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी). पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवला की उरलेली खरखर लगेच कळते. खिडक्यांच्या रबर बीडिंगला, लोगोला आणि बॉनेटच्या कडांना मास्किंग टेप. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि तिथेच पहिल्यांदा प्रायमर उघडा पडतो.

सर्वात जास्त वेळ चाचणीच्या चौकोनाला दिला : 45 बाय 45 सेंमी. सुरुवात मीडियम पॅड आणि फाइन पॉलिशने, स्पीड 4. निम्मं जाळं राहिलं. मग पॉलिश तेच ठेवून फक्त पॅड बदलला, कटिंग (जास्त घासणारा) घेतला, आणि काम झालं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते समजत नाही. नख अडकतं ते ओरखडे तसेच सोडले. प्रत्येक प्रयत्नानंतर 15 टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मारून पुसलं. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे लपवतं आणि दोन धुण्यांत ते परत दिसायला लागतात.

दर चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब. स्पीड 1 वर पसरवून मग 4. हात सेकंदाला साधारण 3 सेंमी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. दोनदा आडवं, दोनदा उभं. मशीन रंगावर टेकवूनच चालू करायचं आणि थांबल्यावरच उचलायचं, नाहीतर पॉलिश काचांवर उडतं. वायर खांद्यावरून पाठीमागे. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. काम सावलीत आणि पत्रा थंड असताना. मधूनमधून हाताची मागची बाजू टेकवून बघा : कोमट चालेल, चटका बसला तर थांबा.

पॅडवर काळा रंग आला नाही, म्हणजे क्लिअर कोट शाबूत आहे. साध्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगावर तो येतोच, तिथे घाबरायचं कारण नाही.

छतावर मधेच धूसरपणा आला. कारण पॅड भरलेला होता. सुकलेलं पॉलिश आणि घासलेला क्लिअर कोट फोमात साचला की तोच ओरखडे काढतो. आता दर चौकोनानंतर नायलॉन ब्रशने पॅड साफ आणि दर दोन पॅनेलांनंतर नवा पॅड. म्हणजे एकाच प्रकारचे किमान चार हवेत. एका पॅडवर अख्खी गाडी उरकायला गेलात तर फोम मधोमध तापून वेल्क्रोपासून सुटतो. धूसरपणा फिनिशिंग पॅड, स्पीड 3 आणि दोन फेऱ्यांत गेला.

बंपरसाठी 75 मिमीचा पॅड काढून ठेवलाय. प्लास्टिकमधून उष्णता पसरत नाही, रंग पटकन तापतो, आणि आपला मापक धातूवरच चालत असल्याने तिथे वाचन मिळणार नाही. स्पीड 3 च्या वर जायचं नाही आणि दोन फेऱ्यांनंतर हात लावून बघायचं. वॅक्स सगळ्यात शेवटी, बंपर झाल्यावर.