गोदाकाठची गोदी

नाशिकला लोक त्र्यंबकेश्वरासाठी येतात, वणीच्या देवीसाठी येतात, हल्ली गंगापूर धरणाच्या कडेला बसून वाइन प्यायलाही येतात. मी हमाल बघायला गेलो. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावला. पण माझे वडील मुंबईच्या गोदीत विंचमन, म्हणजे जहाजाचा माल उचलणारं यंत्र चालवणारे, होते आणि कुठंही गोणी उचलणारा माणूस दिसला की माझे पाय आपोआप थांबतात, त्याला इलाज नाही.

निमित्त झालं एका मित्राचं. तो पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं आणि कांदा परदेशी पाठवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी तीन दिवस संप केला, त्या बातम्या मी आवडीनं वाचत होतो आणि त्याला पाठवत होतो. वैतागून तो म्हणाला, "बंदरात आता काय बघणार आहेस? तिथं फक्त कंटेनरच्या पेट्या हलतात. माल भरायचं काम आमच्या खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या आवारात, चालतं. ये थंडीत." गेलो.

पंचवटी एक्सप्रेसनं रात्री नाशिकरोडला उतरलो. स्टेशनाजवळच्या मालधक्क्यावर खताची रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, लागली होती. पिवळ्या दिव्यांखाली वाघिणींची दारं सताड उघडी, दाराला लागून ट्रक, मध्ये फळी. एका वाघिणीत साधारण ६० टन माल, म्हणजे ५० किलोच्या १२०० गोण्या. दोघं गोणी उचलून देतात, तिसरा खांद्यावर घेतो, फळीवरून दुडक्या चालीनं ट्रकमध्ये जातो आणि कमरेच्या एका झटक्यात थप्पीवर सोडतो. गोणी पडते ती बरोबर खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर. हे बघताना सोपं वाटतं. थप्पी चुकली तर घाटात ट्रक कलतो, हे पुढं एका ड्रायव्हरनं सांगितलं. रेक वेळेत रिकामी झाली नाही तर रेल्वे दंड लावते, म्हणून कामाला रात्र-दिवस असा भेद नाही. एका बाजूला वायरच्या पिशव्यांत डबे, त्यावर टॉवेल. चौकशी केली तर बहुतेक जण माथाडी मंडळात नोंदलेले.

इथं थोडा इतिहास सांगतो, कारण तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. पूर्वी मुंबईच्या गोदीत काम मिळवायचं म्हणजे सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. टोळीवाला बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. बोट कुणाकडं वळणार हे नात्यावर, गावावर आणि हातात किती टेकवलं त्यावर. १९३१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावरच्या रॉयल कमिशननं हा प्रकार थांबवायला सांगितलं. कायदा व्हायला १९४८ उजाडलं, मुंबईत योजना लागू झाली १९५१ मध्ये. मग गोदी कामगार मंडळ आलं: मालक, कामगार आणि सरकार तिघंही त्यात. कामगारांची नोंदणी, पाळीपाळीनं कामाचं वाटप आणि हजेरी लावूनही काम नसेल त्या दिवशी हजेरीचे पैसे. हे कागदावरून जमिनीवर आणायला पी. डिमेलो यांच्यासारखा पुढारी लागला. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत आले तेव्हा त्यांच्याच हाताखाली युनियनचं काम शिकले. डिमेलो १९५८ मध्ये गेले. गोदीलगतच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. त्या रस्त्यानं टॅक्सीत बसून जाणाऱ्या किती जणांना ते कोण होते हे माहीत असेल, देव जाणे.

वडील पगाराबद्दल फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते नंबराबद्दल. "माझा नंबर लागला की मुकादमाच्या बापालाही मला डावलता येत नाही." नोंदणीचा तो आकडा त्यांना शेवटपर्यंत पाठ होता, माझी जन्मतारीख मात्र आईला विचारायचे.

गोदीत जे झालं तेच बाजारात, गोदामात, मालधक्क्यावर का होऊ नये, हा प्रश्न मुंबईच्या बाजारपेठेत कामगार पुढारी अण्णासाहेब पाटलांनी लावून धरला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. सांगाडा तोच: त्रिपक्षीय मंडळ, मालकाची आणि कामगाराची नोंदणी, मजुरी आणि वरची लेव्ही मालकानं मंडळात भरायची, मंडळानं ती कामगाराला द्यायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. गोदीबाहेरच्या अंगमेहनतीच्या हंगामी कामगारासाठी असा कायदा देशात आधी नव्हता. समुद्राकाठी लढून मिळवलेली गोष्ट घाट चढून नाशिकपर्यंत पोचली ती अशी.

दुसऱ्या दिवशी मिसळ खाऊन (तिखटावरून वाद घालायचा नाही, नाशिककर ऐकत नाहीत) लासलगावची एसटी धरली. चांदोरी, निफाड, विंचूर. निफाडची थंडी उगाच बातम्यांत येत नाही. खिडकीची काच सरकत नव्हती आणि वारा थेट कानात. दोन्हीकडं द्राक्षबागा, काहींवर पांढरं आच्छादन, मध्ये लाल कांद्याची काढणी. निफाडला साखर कारखान्याची जमीन दिसली. तिथं ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचं कंटेनरचं बंदर, होणार अशी चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. शेजारचे आजोबा म्हणाले, "व्हईल तवा व्हईल. आमची हयात तर ऐकण्यात गेली."

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. आत शिरलो तेव्हा ट्रॅक्टरांच्या रांगा, प्रत्येक ट्रॉलीत उघडा कांदा, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडं सरकत होता. एक जण कांदा उचलतो, दाबतो, सालपट उडवून बघतो, भाव पुकारला जातो आणि शेतकऱ्याचा तीन-चार महिन्यांचा हिशेब चहा गार व्हायच्या आत संपतो. मग भुईकाटा, मग व्यापाऱ्याचं खळं.

मित्रानं ओळख करून दिलेल्या खळ्यावर दिवसभर होतो. ट्रॉली रिकामी होते, बाया बसून कांदा निवडतात: दुभाळका बाजूला, कोंब आलेला बाजूला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा. त्यांच्या हातांचा वेग बघून मी विचारलं, तुमचं नाव मंडळात आहे का? एकीनं हसून शेजारणीकडं बघितलं. नव्हतं. हमाल आणि माल मोजणारे मापारी यांच्या नोंदी असतात, निवडणाऱ्या बाया रोजंदारीवर. गोदीच्या लढ्याचं कौतुक सांगताना हा कोपरा आपण नेहमी झाकून ठेवतो.

दुपारी चाळीस फुटी रीफर, म्हणजे आत गारवा राखणारा, कंटेनर आला. धक्क्याला मागून लागला आणि बारा जणांची टोळी कामाला भिडली. आतून थंड हवा, बाहेर ऊन. कंटेनरच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमच्या खाचा असतात, त्यातून हवा खेळते. त्या बुजतील अशी थप्पी लावायची नाही, वर छताशी आखलेल्या रेषेच्या पुढं माल न्यायचा नाही, नाहीतर कोलंबोला पोचेपर्यंत कांदा घामेजतो. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. मुकादम दारात उभा राहून फक्त "उलटी घे", "दोन आडवी" एवढंच म्हणत होता. वडिलांच्या हातात असायचा तसा गोणी ओढायचा लोखंडी आकडा इथं कुणाकडं दिसला नाही. जाळीच्या गोणीला आकडा लावला की गोणी फाटते. २८-२९ टन माल आत गेला, दार बंद झालं, सील लागलं. आता हा डबा न्हावाशेव्याला क्रेननं उचलला जाणार, जहाजावर चढणार, परक्या बंदरात उतरणार. त्या दारापलीकडच्या कांद्याला मधे कुणाचा हात लागणार नाही.

मित्राचं म्हणणं तेव्हा पटलं. कंटेनरनं हमाली संपवली असं आपण म्हणतो. १९५६ मध्ये अमेरिकेत 'आयडियल एक्स' जहाजावरून ५८ पेट्या गेल्या, १९७३ मध्ये कोचीनला देशातला पहिला कंटेनर उतरला, १९८९ मध्ये न्हावाशेवा सुरू झालं आणि मुंबईच्या जुन्या गोद्या ओस पडत गेल्या, हे सगळं खरं. पण गोणी उचलणं थांबलं नाही. ते काम युनियनच्या फाटकापासून उठून दीड-दोनशे किलोमीटर आत, खळ्याखळ्यांत विखुरलं. गोदीत एका हाकेवर हजारो माणसं हात थांबवत. इथं बारा थांबले तर कंटेनर शेजारच्या खळ्यावर जाईल.

चहाच्या वेळी मुकादमाशी बसलो. वय पन्नाशीचं, गुडघ्याला पट्टा. मी त्याला अमेरिकेची गोष्ट सांगितली. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर १९३४ च्या संपात सॅन फ्रान्सिस्कोत दोन माणसं गोळीबारात गेली, त्यातून हॅरी ब्रिजेस यांची संघटना उभी राहिली. त्याच संघटनेनं १९६० मध्ये यंत्रांना वाट दिली, पण बदल्यात कामाची हमी आणि पैसा वसूल केला. पूर्व किनाऱ्यावरच्यांनी २०२४ मध्ये आधी पगाराचं ठरवून घेतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण स्वयंचलित यंत्रणा येणार नाही असा करार करून घेतला. रॉटरडॅमला मात्र १९९३ पासून बिनड्रायव्हरच्या गाड्या कंटेनर ओढतात. पिंपळगावची द्राक्षं त्याच बंदरात उतरतात.

"मग आपल्याकडं?" त्यानं विचारलं. केरळात विझिंजम बंदरात क्रेन दूरच्या खोलीतून चालतात, त्या खोलीत कोळ्यांच्या पोरीही बसतात, असं सांगितलं. त्याला ते आवडलं. "पोरी बसतात ना, मग चांगलंय." वाढवणचंही निघालं. पालघर जिल्ह्यात होऊ घातलेलं ७६,२२० कोटींचं बंदर, कोळ्यांचा विरोध, आणि तिथून समृद्धी महामार्गाला इगतपुरीजवळ भरवीरला जोडणारा नियोजित १०० किलोमीटरच्या वरचा रस्ता. नाशिकचा कांदा उद्या त्या वाटेनं जाईल. तिथं हातानं माल चढवायला टोळ्या लागतील असं मला वाटत नाही.

त्याची काळजी जवळची होती. काही खळ्यांवर यंत्राचा सरकता पट्टा आलाय, गोणी त्यावरून थेट गाडीत चढते. "पट्टा चांगला हाये, खोटं कशाला बोलू. गुडघा वाचतो. पण बाराच्या टोळीत आठ ऱ्हायले तर चौघांनी काय करायचं, हे कोण सांगणार? मालक म्हणतो पट्टा माझा. बरं, पट्टा तुझा, पण लेव्ही?" २०२३ मध्ये माथाडी कायद्यात सुधारणेचं विधेयक आलं तेव्हा यंत्राच्या मदतीनं होणारं काम कायद्याबाहेर जाईल ही धास्ती संघटनांनी बोलून दाखवली होती. खळ्यावर बसल्यावर ती धास्ती कळते. नुसत्या यंत्राला विरोध करणारा मला तिथं कुणी भेटला नाही. ज्याच्या पाठीवर पन्नास किलो आहे तो पट्ट्याला नाही कशाला म्हणेल? त्याला वाचलेल्या मजुरीत वाटा हवा आहे.

आता दुसरी बाजू, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गोदीत कामगाराची मजुरी जहाजवाल्याच्या खिशातून यायची. तो लंडनला किंवा ग्रीसमध्ये बसलेला, त्याला शिव्या घालणं सोपं. लासलगावात हमाली, तोलाई, वाराई, म्हणजे माल हाताळण्या-मोजण्याचा खर्च, वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापली गेली. एप्रिल २०२४ मध्ये लेव्हीच्या वादातून ही कपात बंद करायचा पवित्रा व्यापाऱ्यांनी घेतला, हमाल-मापारी अडून बसले, जिल्ह्यात लिलाव ठप्प झाले. आधीच डिसेंबर २०२३ पासून कांद्याला निर्यातबंदी, त्यात हे. ट्रॉली भरून परत नेणाऱ्या शेतकऱ्याला डिमेलो आणि अण्णासाहेब यांच्याशी काय देणंघेणं? आवारात भेटलेला एक तरुण शेतकरी सरळ म्हणाला, "दादा, हमालाचं पोट आहे हे मान्य. पण ते माझ्याच पट्टीतून का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायद्यानं लेव्ही मालकावर आहे एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मग मालकाला सांगा ना." तेही बरोबर. २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून १८० किलोमीटर चालत मुंबई गाठणारा शेतकरी मोर्चा याच जिल्ह्यातला. एकजूट काय असते हे या मुलुखाला मी शिकवायला नको. फक्त ट्रॉलीवरचा आणि ट्रॉलीखालचा असे दोघं एका बाजूला कसे उभे राहतील, हे अजून कुणाला जमलेलं नाही, आणि व्यापारी मधे आरामात आहे.

संध्याकाळी निघताना पुन्हा टोळीजवळ गेलो. पुढचा कंटेनर यायचा होता, सगळे गोण्यांवर टेकलेले. एका पोरानं विचारलं, "काका, ते अमेरिकावाले. तीन दिवस बंद ठेवून काय मिळालं त्यांना?"

"सहा वर्षांत मिळून बासष्ट टक्के वाढ."

क्षणभर सगळे गप्प. मग त्यानं मुकादमाकडं वळून विचारलं, "आपण तर त्याहून जास्त दिवस बसलो होतो ना भाऊ? आपल्याला काय मिळालं?"

"शिव्या," मुकादम म्हणाला, आणि कंटेनर मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला हातानं दिशा दाखवायला उठला.