फिट येणारं मूल घरी आणताना

फॉस्टर केअरसाठी, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायला, बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. घराची तयारी मात्र त्याआधीच हवी, आजीआजोबांसकट.

फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, घड्याळ बघा. कांदा-चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा तर मुळीच नको. दात तुटतात, श्वास अडतो. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे दिला असेल, तर तो घरातल्या प्रत्येकाला मारता आला पाहिजे.

गोळी चुकली की फिट येण्याचा धोका वाढतो. कोकणात पावसात दरड पडते, एसटी बंद होते. म्हणून मृगाआधीच महिनाभराच्या गोळ्या आणून ठेवा. कंपनी परस्पर बदलू नका.

विहिरीला कठडा, चुलीला आडोसा हवाच. पऱ्यावर (ओढ्यावर) किंवा समुद्रात मूल एकटं नको.