पिठलं, भाकरी आणि तुकोबांची पालखी

यवतच्या मुक्कामी पिठलं-भाकरी असते, हे पहिल्यांदा वारीला आलेल्यालाही देहूतच कळतं. लोणी काळभोर सोडलं की चाल लांबत जाते. ऊन तरी असतं नाहीतर झोडपणारा पाऊस, आणि दुपारनंतर आमच्या ओळीतल्या टाळकऱ्यांचं बोलणं हळूहळू कांद्यावर येतं. यवतकर घरोघर भाकऱ्या थापून आणतात, पिठलं मोठमोठ्या कढयांत शिजतं. वाढणारा फक्त ताटाकडे बघतो. तुम्ही कुठल्या दिंडीचे, कुठल्या गावचे, असलं काही विचारायला त्याला सवडच नसते. ‘घ्या माउली, घ्या माउली’ एवढंच.

वारीत पिठलंच का, याचं उत्तर भक्तीत शोधण्यापेक्षा दिंडीच्या ट्रकमध्ये शोधावं. बेसन कोरडं असतं, नासत नाही, पावसात ट्रक अडकून उशिरा पोचला तरी आधण आल्यावर थोड्या वेळात शेकडो माणसं जेवू शकतात. भाकरीला तेल लागत नाही, भाजीही लागत नाही, मिरचीचा ठेचा पुरतो. दिंडीत जाताना भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरायची, कोणी वर ज्वारीचं पोतं देतं, कोणी तेलाचा डबा. स्वयंपाकाची मंडळी आमच्या आधी पहाटेच निघतात आणि आम्ही मुक्कामाला पोचतो तेव्हा धूर दिसतो. आपण चाललो म्हणून आपली वारी झाली असं वाटतं खरं, पण ती त्या धुरावर झालेली असते.

पालखी तुकोबांची आहे, हे जेवताना मला जास्त आठवतं. वाण्याच्या घरातला माणूस, दुकान, सावकारी, आणि मग १६३०च्या सुमाराचा तो भयानक दुष्काळ. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय, एका ओळीत, रडारड न करता. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. १६८५ साली त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सुरू केली. घरातलं माणूस भुकेनं गेलं त्या माणसाच्या पादुकांमागून आम्ही चालतो आणि वाटेवर भूक लागायच्या आत कोणीतरी हातात काहीतरी ठेवतं. हा योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

आमच्या भाकऱ्यांचं खातं परभणीकडच्या एका आक्कांकडे. त्या थापायला बसल्या की शेजारच्या दोघी-तिघींचेही हात एका लयीत पडायला लागतात आणि हरिपाठ आपोआप सुरू होतो. मी एकदा विचारलं, आक्का, हे ठरवून करता का? त्या म्हणाल्या, “ठरवायचं काय त्याच्यात? जात्यावर बसलं की ओवी यायची. जातं गेलं, हात राह्यले.” गिरण्या गावोगाव आल्या तशी पहाटेची ती गाणी ओसरली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विठ्ठल, रुक्मिणी, पंढरीची वाट यांच्या ओव्या त्यांत भरपूर आहेत. बाई दळता दळता, घर न सोडता, वारीला जाऊन यायची. आक्का प्रत्यक्ष जातात, आणि गेल्यावरही पिठातच हात घालून बसतात. याला मुक्ती म्हणावं की नाही, यावर आमच्या राहुटीत एका रात्री वाद झाला. मिटला नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन कॉलेजची पोरं भाकऱ्या भाजायला बसू लागली, तीही करपवून.

एक तक्रार करायचीच आहे. पुण्यापासून पुढे रस्त्याच्या कडेला केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या यांचा इतका मारा होतो की माणूस घेतो, दोन घास खातो आणि टाकतो. सालींवरून म्हातारी माणसं घसरतात. देणाऱ्याचा फोटो निघालेला असतो, कचरा मागच्या गावाला. यवतला असं होत नाही, कारण तिथे बसून, ताट पुसून जेवावं लागतं.

वरवंड, बारामती, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं, मग इंदापूर. उसाचा पट्टा संपत आला की ज्वारीचा मुलूख जवळ आल्याचं भाकरीच्या चवीवरून कळतं. निदान आक्कांना कळतं.

एकादशीला मात्र मला हसू आवरत नाही. पंढरपुरात दशमीच्या रात्रीपासून साबुदाण्याचे ढीग, शेंगदाण्याचं कूट, बटाटे, हिरव्या मिरच्या. यातलं एकही पीक मुळात आपलं नव्हे, सगळी अमेरिका खंडांतली. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४०च्या दशकात. सावता माळ्यांच्या अभंगात लसणीशेजारी मिरची येते, पण सावतोबा तेराव्या शतकातले आणि मिरची इथे आली पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे गाता गाता कुणीतरी नंतर ती टाकली असणार. मला ते आवडतं. अभंगसुद्धा स्वयंपाकासारखाच, पुढच्या हातानं चवीपुरतं घातलं.

चंद्रभागेहून वर येताना चोखोबांच्या समाधीशी थांबतोच. ज्यांना आत जाऊ दिलं नाही, ते पायरीशी. इथेच १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून अन्न सोडलं आणि दहा दिवसांनी दार उघडलं. पोटाला चिमटा काढून बसणं आणि खिचडी खाऊन उपास करणं यांतलं अंतर तिथे उभं राहिल्यावर टोचतं. पंगतीत सगळे सारखे, हे आम्ही फार अभिमानानं सांगतो. ते खरं आहे, पण त्याला पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत दाराबाहेरच थांबावं लागत होतं.

पौर्णिमेला गोपाळपूर. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, त्याचा हा काला, लाह्या आणि दही. कीर्तन संपलं, हंडी फुटली आणि जो तो समोरच्याच्या तोंडात घास कोंबू लागला. आमच्या ओळीतल्या एका आजोबांनी बंदोबस्ताच्या पोलिसालाही सोडलं नाही. ड्यूटीवर आहे म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तेच चुकलं. मिशीला लागलेल्या लाह्या झटकत तो हसत सुटला. आक्कांनी मात्र एक घास घेऊन तोंड वाकडं केलं.

“दही आंबूस हाय,” त्या म्हणाल्या. “पुढल्या साली विरजण आपणच लावायचं. पोरांनो, लक्षात ठेवा.”