तान्ह्या पोळ्याचं लठ्ठ अक्षर

पोळा जवळ आला की माझ्या फ्लेक्सच्या दुकानात तान्ह्या पोळ्याची, म्हणजे लेकरांच्या लाकडी नंदीच्या पोळ्याची, नंदी सजावट स्पर्धेची बॅनरं सुरू होतात. मंडळाची पोरं फॉन्टचं नाव घेत नाहीत. "भाऊ, अक्षर गोल-मटोल पायजे, लेकराईले आवडन असं," एवढंच सांगतात. मी 'मोदक' नावाचा फॉन्ट काढतो.

मोदक मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. आधी हातानं काढलेली फुगीर अक्षरं, मग वाचता येईल तोवर ती आणखी जाड करत नेलेली. रोमन अक्षर लठ्ठ करणं त्या मानानं सोपं. आपल्याकडे वर मात्रा, खाली उकार, डोक्यावर शिरोरेघ, त्यात 'न्ह'सारखी जोडाक्षरं; काळी रेघ जाड करायला जागाच उरत नाही. इथं 'म'च्या पोटात बारीक फट तेवढी ठेवलीय, तरी 'तान्हा' रस्त्यापलीकडून वाचता येतं. ही कारागिरी मला फार आवडते. फॉन्ट फुकट आहे, परवाना खुला आहे, धंद्यात वापरला तरी चालतो.

पण तो दोन-तीन शब्दांचाच गडी. 'तान्हा पोळा' मोदकमध्ये, आणि खाली बक्षिसं, वेळ, मारुतीच्या पाराचा पत्ता 'बलू २' या फॉन्टमध्ये. तोही एक टाइपचाच, गोलसर, पण त्यात पाच जाड्या मिळतात. मोदकमध्ये एकच. बक्षिसांची अख्खी यादी मोदकमध्ये लावली तर दुरून नुसते काळे ठिपके दिसतात. मंडळाच्या अध्यक्षाला मात्र स्वतःचं नावही मोदकमध्येच हवं असतं, तेही फोटोखाली बारीक. त्याला मी प्रिंट काढूनच दाखवतो.

एक अडचण दुकानवाल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे अजून कृतिदेव नाही तर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर हात बसलेला असतो. मोदक युनिकोड आहे, म्हणजे मोबाइलवर मराठी चालतं त्या पद्धतीचा. बॅनर बनवायच्या कोरल सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत त्याची जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. मी इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहितो, त्याचे पाथ, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, करतो, एसव्हीजी फाइल कोरलमध्ये घेतो. काम होतं.

ट्रॅक्टरवर रेडियममध्ये, म्हणजे चिकटपट्टीच्या रंगीत कागदात, नाव काढायचं तर गोल कडा कामाच्या: टोकदार कोपरा धुळीत आधी उचकटतो, गोल टिकतो. पण त्या बारीक फटी? प्लॉटर, म्हणजे कापायचं मशीन, कापतो, सोलताना चिमट्यानं जीव जातो. म्हणून फटी मी अक्षराच्या कडेवरचे नोड, म्हणजे बिंदू, ओढून थोड्या रुंद करतो.

तेरवीच्या बॅनरला कुणी मोदक मागितला तर मी सरळ नाही म्हणतो. अंगणवाडी, बर्फाचा गोळा, बोरकुटाचं पाकीट, पहिला वाढदिवस, यांना बिनधास्त लावा. सध्या तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मागायला जाणाऱ्या पोरांसाठी छातीवर लावायचे बिल्ले छापतोय. त्यावर एकच शब्द, 'नंदीवाला'.