ओढ्याला 'आरोग्यपत्रक' कसं देतात
न्यूझीलंडमध्ये पर्यावरणशास्त्र शिकताना आज ओढ्यावर दोन मापं शेजारी शेजारी लागली.

पहिलं नेहमीचं: एक मीटरची पारदर्शक नळी, आत चुंबकाने सरकणारी काळी तबकडी. तबकडी दिसेनाशी होते ते अंतर म्हणजे पाण्याची स्वच्छता. पाणी भरताना प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, नाहीतर आपल्याच पायांनी उठलेला गाळ नळीत येतो. बुडबुडे राहिले तरी आकडा चुकतो.

दुसरं माओरींचं, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं: कल्चरल हेल्थ इंडेक्स, त्यांच्या नजरेतून ओढ्याची तब्येत मोजणारा निर्देशांक. त्याचे भाग तीन. ही जागा परंपरेने वापरातली होती का आणि लोक पुन्हा इथे येतील का? माहिंगा काई, म्हणजे अन्न मिळवण्याची जागा: पूर्वी काय मिळायचं, आज काय मिळतं, तिथवर पोहोचता येतं का? शेवटी ओढ्याची तब्येत, 1 ते 5 गुणांत. गुण त्या जमातीची माणसंच देतात, विद्यार्थ्यांनी फक्त लिहून घ्यायचं. (हेच सगळ्यात अवघड!)

नळी आजचं पाणी सांगते. ईल मासे, म्हणजे 'तुना', कमी का झाले ते ती सांगत नाही. रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या मोरीच्या पाइपचं तोंड पाण्यावर लटकत असेल तर पाणी कितीही नितळ असो, वर जाणाऱ्या अनेक माशांची वाट तिथेच अडते.