माझी म्हस काढा की

परवा दुपारी कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये शिरलो ते खरं सांगायचं तर उन्हाला कंटाळून. आत शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं, बघता बघता डोक्यात भलतंच आलं की हा माणूस कोटितीर्थ तळ्याच्या काठानं हिंडताना पेन्सिल कुठल्या खिशात ठेवत असेल.

आमचा मामा शर्टाच्या खिशात ठेवायचा, त्यामुळं प्रत्येक शर्टावर काळा डाग आणि मामीची बोलणी. शाळेत ड्रॉइंग शिकवायचा, सुट्टी लागली की एसटीनं पन्हाळा नाहीतर राधानगरी, कधीतरी मलाही न्यायचा. सामान काय, तर ४बी पेन्सिल, ब्लेड आणि बिनरेघांची वही. रबर घरी. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी मारायची. ब्लेडनं लाकूड लांब तासून शिसं चांगलं बोटाच्या पेराएवढं उघडं करायचा, मग पेन्सिल आडवी धरून डोंगराचा अख्खा उतार एका फटक्यात. बी च्या आधीचा आकडा वाढेल तशी शिशात माती कमी, ग्राफाइट जास्त, म्हणून काळं भारी येतं पण वही मिटली की समोरच्या पानावर छाप. मामाच्या वहीत त्यामुळं एका पन्हाळ्याचे दोन पन्हाळे.

गगनबावड्याला एकदा चहाच्या टपरीपाशी बसून काढत होता, तर एक म्हातारबाबा मागं येऊन उभे.

"काय काढालाय मास्तर?"

"डोंगर."

"डोंगर हितंच हाय की, कुठं जातोय? माझी म्हस काढा, उद्या बाजारात जातीय."

मामानं काढली. शिंग कागदाबाहेर गेलं. त्या नादात आमची एसटी चुकली ते वेगळं.

कडेला बारीक अक्षरात रंग लिहून ठेवायचा, 'लांबचा डोंगर निळा, जरा जांभळट', 'गवत वाळलंय', 'आभाळ सोड'. घरी येऊन त्यावरून वॉटरकलर करायचा आणि पाहुणे त्याचंच कौतुक करायचे. मला ती रंगवलेली चित्रं कधीच आवडली नाहीत, कुणाला पटो न पटो. फ्रेममधल्या गगनबावड्यात म्हस नाही, सरळ गाळलीय.

शाहू महाराज गेल्यावर आबालालनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. मामाच्या वह्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. मामी म्हणते घेऊन जा बाबा एकदाच्या, घर रंगवायला काढलंय. आमचा फ्लॅट वन बीएचके. बघू.